दहापासून वर

३ ऑक्टोबर

डॉक्टरीण म्हणाली, राग आला की माणसांवर काढू नका, वहीत काढा, रक्तदाब उतरेल. मी म्हटलं, वहीने माझं काय घोडं मारलंय? तिला हसू आलं. मला नाही आलं. पण वही आणली. चार यत्ता शिकलेय, तेवढ्यात जमेल तसं लिहीन. चुका काढायला इथे कोण येणार आहे!

तर राग. आजचा राग दुपारच्या खेळाला आलेल्या टोपीवाल्याचा. मी थिएटरात बॅटरीवाली आहे, एकवीस वर्षं झाली. सिनेमा सुरू झाल्यावर जे उगवतात त्यांना अंधारात बॅटरी दाखवून जागेवर नेऊन बसवायचं, आणि खेळ सुटला की रांगांखालचा कचरा झाडायचा. बॅटरीच्या काचेवर मी लाल फडकं बांधते, म्हणजे उजेड पायापुरता पडतो, बाकीच्यांच्या डोळ्यांत जात नाही. फडकं सोडते ते एकाच कामासाठी. सिनेमात कोणी बोलायला लागलं की पांढरा झोत सरळ तोंडावर. "बोलायचं असेल तर बाहेर." माणूस हात आडवा धरतो, डोळे मिटतो, गप्प बसतो. दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

टोपीवाला फोनवर बायकोला सांगत होता, "अगं हो, बँकेतच आहे." मी झोत टाकला आणि म्हटलं, "बँक बंद झाली, उठा." अख्खं थिएटर हसलं. मॅनेजर मात्र माझ्यावरच उखडला, म्हणे गिऱ्हाइकाशी असं बोलतात का. गिऱ्हाईक असेल बाहेर. आत आलं की तो माझ्या अंधारात असतो.

लिहून रक्तदाब उतरलाय असं काही वाटत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

बुधवार ताईचा. कामावरच्या माणसाला आठवड्याला एक फुकट पास मिळतो, तो मी माझ्या थोरल्या बहिणीला देते. बाराचा खेळ. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, भावजी गेल्यापासून एकटीच राहते, दोन गल्ल्या पलीकडे. शिवणकाम करते. तिचा टाका असा की कापड उलटं करूनही सापडायचा नाही.

आम्हा दोघींचं लहानपणापासून एक खूळ आहे. वर्ष संपलं की त्या वर्षातले दहा आवडते सिनेमे कागदावर उतरवायचे, नंबर लावून, एकमेकींना न दाखवता. एकतीस डिसेंबरला कागद बदलायचे. वाचायचं दहापासून वर, पहिला शेवटी. आणि मग भांडायचं. इतक्या वर्षांत आमचा पहिला नंबर एकदाही जुळला नाही. जुळला तर भांडायचं कशावरून?

नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून मी भुताचा, कोर्टाचा, रेडिओवालीचा असंच लिहिते. आणि मी सिनेमा अख्खा बघत नाही, तुकड्यातुकड्याने बघते, पण एकेक तुकडा तीसतीस वेळा. खरी पारख झाडताना होते. भिकार सिनेमा सुटला की पॉपकॉर्नचे डबे चाटूनपुसून रिकामे. चांगला असेल तर भरलेले. हात डब्यात गेला आणि तोंडाकडे यायचा राहिला, तो सिनेमा. टीकाकार कसल्या कसल्या चांदण्या देतात. त्यांनी माझा झाडू घेऊन बघावा.

राग लिहायचा राहिला. माझा निळा कामाचा कोट खांद्याला उसवला होता, तो ताईकडे दिला होता. आज आणून दिला. बघते तर निळ्या कोटाला लाल दोरा! कसायाने जखम शिवावी तसा. मी म्हटलं, "हा काय दोरा?" तर म्हणते, "असू दे गं, अंधारात कोण बघतंय." जी बाई रस्त्याने जाणाऱ्याची वाकडी टीप लांबून ओळखायची, ती मला सांगते असू दे! परक्या गिऱ्हाइकाला दिला असता का लाल दोरा? घरकी मुर्गी दाल बराबर, तसं.

वर नखरा. मी सातव्या रांगेतली मधली जागा ठेवली होती. बाईसाहेब पहिल्या रांगेत. तिथे शिट्ट्या मारणारे बसतात. "मान मोकळी होते," म्हणे.

आणि हल्ली बोलताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या कानाकडे बघते. घरी येऊन आरशात पाहिलं. कानात काही नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज तळपायाची आग मस्तकात गेलीय.

दीपस्तंभवाला लागलाय. या वर्षातला पहिला नंबर, मी आजच सांगते, डिसेंबरची वाट बघायची गरज नाही. झाडायला गेले तेव्हा डबेच्या डबे भरलेले, एक बाई तर चप्पल विसरून गेली. आणि ताई? कामाची पाळी संपवून चारला तिच्याकडे गेले, म्हटलं कसा होता, तर स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत म्हणते, "ठीक. नुसता समुद्राचा आवाज. मला झोप लागली."

झोप!

मी म्हटलं, "अगं, त्या अकरा मिनिटांत झोपलीस? तो म्हातारा गेल्यावर त्याची मुलगी येते, तेव्हा?"

"कोणी बोलतच नव्हतं बाई."

"बोलायचं कशाला? दिसत होतं ना सगळं!" आणि मग माझा ताबा सुटला. मी उभी राहिले आणि तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात, तिला अख्खा प्रसंग करून दाखवला. ती मुलगी गोल जिना चढते तो असा, भिंतीला खांदा घासत. एकेक खिडकी बंद करते. पण बंद करण्याआधी बाहीने काच पुसते, प्रत्येक वेळी, जशी आता कोणी बघणारच आहे तिच्यातून. ताईच्या कपाटाची दारं मी धाडधाड लावली. मग वरच्या खोलीत बापाची खुर्ची. स्टूल ओढला. ती बसते, आणि तेव्हा कळतं की खुर्चीचं तोंड समुद्राकडे नाहीच. मागच्या खिडकीकडे आहे. तिथून गावाकडची वाट दिसते, ज्या वाटेने ही मुलगी वीस वर्षांपूर्वी निघून गेली ती. बाप जहाजांसाठी दिवा लावायचा आणि बघत बसायचा तो इकडे. ती खिडकी मात्र ती बंद करत नाही. तशीच ठेवते आणि खाली उतरते.

बोलताना मला धाप लागली. ताईने शेंगा खाली ठेवल्या होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी मनात म्हटलं, आता लाज वाटली ना.

तर विचारते काय, "बाही कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी! तू होतीस कुठे? पहिल्या रांगेत बसून बाहीचा रंग दिसला नाही?"

माझा कान बघत बसली. मी चपला घातल्या आणि निघाले. असल्या माणसाला फुकट पास म्हणजे गाढवाला गुळाची चव.

३० ऑक्टोबर

ताईने शिलाईयंत्रावर चादर टाकलीय. "कंटाळा आला," म्हणे. चाळीस वर्षांत कंटाळा आला नाही तो आता आला. माझ्या अंगावर लाल दोरा आणि ही कंटाळली!

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मला ताईंचं जरा वेगळंच—" मी म्हटलं, तुम्ही तिची बाजू घेऊ नका. बाजू घ्यायची सवयच आहे ह्यांना, फक्त माझी सोडून.

६ नोव्हेंबर, बुधवार

आजचा राग एका पानात मावणार नाही.

बाराच्या खेळाला पहिल्या रांगेतून कुजबुज. एकदा सोडलं. दुसऱ्यांदा सोडलं. मग मागून एक माणूस ओरडला, "अहो बॅटरीवाल्या बाई, त्या कोण बोलतायत त्यांना गप्प करा!" मी गेले. ताई. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला विचारत होती, "आता कोण आलं? तो हसतोय का?" सिनेमा डोळ्यांसमोर सुरू, आणि ही शेजारणीला विचारते तो हसतोय का! ती बाई वैतागून कोपऱ्यात सरकली होती.

बहीण म्हणून सोडलं असतं तर उद्या टोपीवाल्याला कुठल्या तोंडाने उठवणार? मी फडकं सोडलं. झोत सरळ तोंडावर. लोक हात आडवा धरतात, डोळे मिटतात. हिने काही केलं नाही. पापणी लवली तेवढीच. मान जराशी वळवून माझ्या कानाकडे बघत राहिली, जसं मी तिथे नाहीच. त्या बघण्याने माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने म्हटलं, "बाई, बोलायचं असेल तर बाहेर व्हा."

बाई म्हटलं. ताईला.

ती म्हणाली, "ठिणगे, तू आहेस होय." ठिणगी हे माझं घरचं नाव, दोनशे माणसांत घेतलं. मागून कोणीतरी हसलं. मग उठली, आणि निघाली कशी? प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत, सावकाश, राणीसारखी. एकदाही घाई नाही. सगळ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम.

मी दार उघडून दिलं नाही. दार तिचं तिने चाचपून उघडलं. नाटकं.

७ नोव्हेंबर

हे म्हणाले, "दिव्याखाली—" म्हटलं, मला म्हणी सांगू नका.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आली नाही. पास माझ्या कोटाच्या खिशात राहिला. आत बँक लुटायचा सिनेमा, डबे चकाचक रिकामे.

तिकीटखिडकीवरची पोरगी विचारते, "मावशी, तुमच्या ताई आज नाही आल्या? मी वाट बघत होते." हिला कशाला ताईची वाट! म्हटलं, तिकिटं फाड.

२७ नोव्हेंबर

माझ्या हातून आज खून झाला असता.

औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या उतरत होते, तर समोरून ताई. पिशवी हातात, फुटपाथच्या कडेकडेने. तीन आठवडे झाले होते. मी म्हटलं जाऊ दे, मी लहान, मीच बोलते. थांबले. अगदी तिच्या वाटेत, खांबासारखी. हसले सुद्धा! मला हसायला किती त्रास पडतो ते माझं मला माहीत. आणि ती? दोन हातांवरून निघून गेली. मान वर, चेहरा कोरा. ओळख दाखवली नाही.

चाळीस पावलं गेल्यावर मी ओरडले, "मेले का मी तुला?" तर थबकली, वळली, आणि भलतीकडेच बघायला लागली, बसथांब्याकडे. "ठिणगे?" म्हणाली बसथांब्याला. मी उत्तर दिलं नाही. थट्टा करून घ्यायला मी रिकामी नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं ऐक तरी, त्यांना बहुतेक—" मी ताट आपटलं.

११ डिसेंबर

यादी करायला बसले. देणार नाही, पण करणार. ती मोडेल नियम, मी नाही.

वर दीपस्तंभवाला. दुसरा न्हाव्याचा, त्यात आरशात आरसा दिसतो आणि प्रत्येक आरशात न्हावी म्हातारा होत जातो. तिसरा बर्फातल्या कुत्र्याचा. चौथा त्या मुक्या नर्तकीचा. पाचव्यावर लढाईचा टाकला, मग खोडून सातव्यावर नेला, कारण शेवटी सेनापती भाषण देतो आणि भाषणात लोकांनी डबे संपवले. पुढचे ताईने विचारले असते तर सांगितले असते. कोर्टाचा घेतलाच नाही. दोन तास काळे कोट बडबडतात. रेडिओवालीचा पण नाही. एक बाई एका खोलीत बसून माइकमध्ये बोलते, संपला सिनेमा. बघायचं काय त्यात?

दहावा नंबर रिकामा राहिला. दरवर्षी दहाव्याला मी मुद्दाम असा सिनेमा घालते की ताई चिडली पाहिजे. या वर्षी कोणाला चिडवू?

३१ डिसेंबर

सकाळी कामावर गेले, तर तिकीटवाल्या पोरीने खिडकीतून घडी घातलेला कागद पुढे केला. "ताईंनी दिलाय. काल येऊन गेल्या. म्हणाल्या, नियम म्हणजे नियम."

मी म्हटलं, बघू काय दिवे लावलेत. उघडला. पहिल्यांदा वाटलं कोंबडी नाचलीय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. सातावर आठ लिहिलेला. एक नाव कागदाच्या कडेवरून घसरून पडलंय, अर्धं बहुतेक टेबलावर राहिलं असेल. ताईचं अक्षर म्हणजे मोती, शाळेत फळ्यावर लिहायला तिलाच उभं करायचे. म्हटलं, बघ, इतका तिटकारा आलाय माझा, की धड लिहिलं सुद्धा नाही.

"ऐक," मी पोरीला म्हटलं, "तूच सांग आता, हिची अक्कल कुठे गेलीय. दहापासून वर वाचते." आणि तिथेच खिडकीपाशी मोठ्याने वाचायला लागले.

"दहावा, भुताचा. का? तर ते भूत सारखं बडबडतं. नववा, नवराबायको मोटारीत बसून भांडतात तो. दोन तास मोटार, दोन तास भांडण, नुसती बडबड. आठवा, तीन भावांच्या वाटणीचा. ती पण बडबडच. मग... कोर्टाचा चौथा! काळ्या कोटांची बडबड! आणि दुसरा, ऐक, दुसरा रेडिओवालीचा. सांग मला, त्यात बघण्यासारखं आहे काय?"

पोरगी हळूच म्हणाली, "मावशी, ऐकण्यासारखं आहे ना."

मी कागदाकडे बघितलं. न्हावी नाही. बर्फातला कुत्रा नाही. नर्तकी नाही. ज्यात माणसं गप्प असतात त्यातला एकही नाही. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत.

मग वरची ओळ वाचली. मोठ्याने नाही वाचली.

पहिला. दीपस्तंभवाला. थिएटरातला नव्हे, माझ्या स्वयंपाकघरातला.

पोरगी म्हणाली, "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मला वाटलं, त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. दर बुधवारी मीच त्यांना हात धरून जागेवर बसवायचे. त्या वेळी तुम्ही सकाळच्या खेळाचा कचरा मागे टाकायला गेलेल्या असायचात."

पहिल्या खेळाला उशिरा आलेले सात जण मी जागेवर नेले. फडकं बांधायचं राहून गेलं होतं. सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तीनदा सांगायला गेलो. तू एकदाही माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस."

"मग चौथ्यांदा सांगायचं!"

१ जानेवारी

सकाळीच गेले. रात्रभर बोलायचं ठरवून ठेवलं होतं, दार उघडल्यावर एवढंच तोंडातून निघालं, "मला का नाही सांगितलंस?"

"आत तर ये. नवीन वर्ष आहे."

"खड्ड्यात गेलं नवीन वर्ष. का नाही सांगितलंस?"

ती बसली. म्हणाली, डोळ्यांच्या मधोमध डाग बसलाय. कडेकडेचं दिसतं, मधलं नाही. दीड वर्ष झालं. आधी सातव्या रांगेतून पडद्यावरचे चेहरे गेले, म्हणून पहिल्या रांगेत आली. डॉक्टरकडे जाते, परगावी असतो तो मुलगा आला होता तेव्हा त्यानेच नेलं. बरं होणार नाही, वाढू नये म्हणून धडपड.

"म्हणून माझा कान बघत होतीस?"

"कान बघितला की तुझं तोंड कडेला येतं. जरा जरा दिसतं. सरळ बघितलं तर तुझ्या जागी भोक."

"मग सांगायचं ना, की थोबाड दिसत नाही तुझं!"

"सांगून काय झालं असतं? तू डॉक्टरशी भांडली असतीस, चष्मेवाल्याशी भांडली असतीस. आणि माझ्याशी भांडायची थांबली असतीस. सगळे थांबलेत गं. मुलगा फोनवर इतकं गोड बोलतो, की अंगावर काटा येतो. शेजारीण मोठ्याने आणि सावकाश बोलते, जशी मी बहिरी आहे. तू तेवढी धड शिव्या देत होतीस."

मी म्हटलं, "मी तुझ्या तोंडावर झोत टाकला."

"हो. तेवढ्यात मधलं भोक पांढरं झालं. बदल म्हणून बरं वाटलं."

हसत होती. मला हसू येईना. माझ्या तोंडून माफी-बिफी येत नाही, ती कधी शिकवलीच नाही कोणी. म्हटलं, "कोटाचा लाल दोरा मी उसवणार नाही. तसाच घालीन."

ताई ताडकन उभी राहिली. "लाल? लाल लावला मी? निळ्याला?"

"मग? विचारलं होतं ना तुला, हा काय दोरा."

"मला वाटलं गाठ राहिली असेल! तीन महिने तू माझं काम असं मिरवतेस? लोकांत? अक्कल आहे का तुला? काढ तो कोट! काढ आधी!" आणि चाचपडत कात्री शोधायला लागली. मी कोट दिला नाही. ओढाताण झाली. शेजारीण दार वाजवून विचारायला आली, काय झालं. दोघी एकदम ओरडलो, "काही नाही!"

निघताना म्हटलं, बुधवारी बाराला ये. म्हणाली, नको, पुरे झाले सिनेमे, शेजारचे वैतागतात. मी म्हटलं, वैतागू देत. सातवी रांग. मधली जागा.

८ जानेवारी, बुधवार

रजा काढली. मॅनेजरने विचारलं कशाला, म्हटलं सिनेमा बघायला. त्याला वाटलं टोमणा मारतेय. माझ्या जागी आज तोच बॅटरी घेऊन उभा राहिला, फडकं नीट न बांधता. त्याला काय कळतंय!

बसवालीचा सिनेमा. शहरातल्या बसची ड्रायव्हर बाई, तिचा नोकरीतला शेवटचा दिवस. शुक्रवारपासून बारा वेळा बघितलाय तुकड्यांत. ताईने हट्टाने पॉपकॉर्नचा डबा घेतला, मांडीवर ठेवला. अंधार झाला आणि मी सुरू केलं, तिच्या कानाशी. "बस हिरवी आहे. आरशाला वाळकं फूल टांगलंय. ती हातमोजे चढवते, एकाला बोट फाटलंय." पुढच्या रांगेतला एक वळला. मी आवाज खाली घेतला. तो परत वळला. मी आवाज वर घेतला. एकवीस वर्षं तुम्हाला शांतता दिलीय मी, एक दुपार मला द्या.

ताई मध्येमध्ये विचारायची, "कुठे बघतेय ती? हसली का?" मी सांगत होते. सांगता सांगता कळलं की त्या सिनेमात मी बारा वेळांत न बघितलेलं बरंच आहे. हातमोज्याच्या फाटक्या बोटातून नेलपॉलिश दिसतं. आधी कुठे बघितलं होतं!

मग शेवट. बस चढावर असताना तिच्या छातीत कळ येते. ती बस कडेला घेते, ब्रेक ओढते, दार उघडते, आणि मान खाली. मी ताईकडे पाहिलं. डोळे मोठे करून पडद्याच्या कडेला बघत होती, ओठ घट्ट. मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "दमलीय. पाणी प्यायली. आता उठली, निघाली घरी."

आजूबाजूला लोक नाकं ओढत होते.

ताई म्हणाली, "मग हे का रडतायत?"

"सर्दी झालीय."

"दोनशे जणांना?"

मी पदराने नाक पुसलं.

"ठिणगे," ती म्हणाली, कुजबुजून नाही, चांगलं मोठ्याने, "खोटं सांगणार असशील तर मी घरी रेडिओ ऐकेन. मी सिनेमा बघायला आलेय."

"गेली ती," मी म्हटलं. "हात ब्रेकवरच आहे. मागे सगळे दार उघडं असून उभे आहेत. कोणी उतरत नाही. पुढे होऊन तिला हात लावायची कोणाची छाती होत नाही. आता एक म्हातारा—"

तेवढ्यात झोत. पांढरा, सरळ माझ्या तोंडावर. डोळ्यांपुढे सगळं पांढरं फटक, पडदा गेला, बस गेली, मी हात आडवा धरला. मॅनेजरचा आवाज आला, "बोलायचं असेल तर... बाई, तुम्ही?"

ताईने हात सुद्धा वर केला नाही. त्याच्याकडे मान वळवून शांतपणे म्हणाली, "साहेब, तो दिवा बाजूला घ्या. तिला दिसत नाहीये, आणि अजून सिनेमा संपलेला नाही."

झोत खाली गेला. डोळ्यांत तारे होते तरी मी सांगत राहिले, म्हातारा काय करतो, फूल कसं हलतं, पाऊस कधी सुरू होतो. मोठ्याने सांगितलं. कोणी वळलं नाही.

उद्या दहा वाजता मॅनेजरने ऑफिसात बोलावलंय. बोलावू दे, त्याला फडकं कसं बांधतात तेही दाखवून येईन.

दिवे लागले. ताईने माझ्या दंडाला धरून उठायचं म्हणून मांडीवरचा डबा माझ्या हातात दिला. जड लागला. झाकण काढून बघितलं. काठोकाठ भरलेला.